नकाशा सेर्दाचा, नियम घरमालकांचे

बार्सेलोनाचा सगळ्यात कडक बांधकाम नियम तोफखान्याने केलेला होता. तटावरून उडवलेला गोळा जिथवर पोचेल तिथवर, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत, पक्कं घर उभारायचं नाही. चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये, एवढंच त्यामागचं कारण. पण 1714 साली स्पेनचा राजा पाचवा फिलिप याच्या सैन्याने वेढा घालून हे शहर जिंकलं, आणि त्यानंतर शत्रू म्हणजे नक्की कोण हाच प्रश्न होता. राजाने रिबेरा नावाच्या गजबजलेल्या वस्तीचा मोठा भाग पाडला आणि तिथे सिउतादेल्या नावाचा पंचकोनी किल्ला बांधला. त्याच्या तोफांची तोंडं गावाकडेही होती. 1842 साली तर शेजारच्या मोंजुइक टेकडीवरच्या किल्ल्यातून सरकारी तोफांनी खुद्द शहरावर गोळे टाकले.

सव्वा किलोमीटरच्या पलीकडे मात्र कोणाची आडकाठी नव्हती. त्यामुळे ग्रासिया, सांत्स, सांत आंद्रेऊ ही गावं तोफेच्या पल्ल्याबाहेर वाढत गेली आणि मधे शेतं, भाजीचे मळे, पायवाटा राहिल्या. आज विमानातून बार्सेलोना बघताना जुनं शहर आणि ग्रासिया यांच्या मधोमध जी कोपरे कापलेल्या चौकोनांची वस्ती दिसते, ती या मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर उभी आहे. तिचं नाव एशाम्पला, म्हणजे वाढीव शहर.

माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात गेली. नकाशे तपासायचे, सामासिक अंतरं मोजायची, चटई क्षेत्रात काय धरलंय आणि काय लपवलंय ते हुडकायचं, आणि वरून फोन आला की फाइल बाजूला ठेवायची. मुलगी कामानिमित्त बार्सेलोनात स्थायिक झाली, म्हणून तिकडे जाणं होऊ लागलं. तिचं घर एशाम्पलात, पत्त्यावर दुसरा मजला. बॅगा घेऊन जिना चढू लागलो तेव्हा कळलं की तळमजल्यावर एंत्रेसोल, त्यावर प्रिन्सिपाल, मग पहिला आणि त्यावर दुसरा. आपल्या हिशोबाने तो चौथा झाला. लिफ्ट आहे, पण ती जिन्याच्या पोकळीत मागाहून बसवलेली. दोन माणसं आत शिरली की पिशवी कुठे ठेवायची हा विचार करावा लागतो. मजल्यांच्या या विचित्र मोजणीमागे या वस्तीचा निम्मा इतिहास आहे. पण आधी तटाच्या आत काय चाललं होतं ते सांगायला हवं.

अठराव्या शतकात बार्सेलोना सावरली आणि श्रीमंत झाली, त्यात आपल्याकडच्या चिटाचा मोठा वाटा आहे. हिंदुस्थानातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने तेव्हा सगळ्या युरोपाला वेड लावलं होतं. स्पेनच्या राजाने आशियाई कापडाच्या आयातीवर बंदी घातली. बार्सेलोनाच्या व्यापाऱ्यांनी 1730च्या दशकात तसलं कापड घरच्या घरी छापायला सुरुवात केली आणि त्याला इंदियाना असंच नाव राहिलं. या धंद्यासाठी ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांना तिथे कारखाना-घर म्हणतात. खाली छपाई, पहिल्या मजल्यावर मालकाचं बिऱ्हाड, वर माग, कोठ्या आणि कामगारांच्या खोल्या. पेठेतल्या वाड्यात रस्त्याला लागून दुकान, माडीवर मालक आणि मागच्या चौकात भाडेकरू असत, तसलाच मामला. एकाच छपराखाली राहणं आणि कमावणं ही या शहराची जुनी सवय होती. नगररचनेच्या पुस्तकात आता ज्याला मिश्र वापर म्हणतात, तो इथे कोणी आखलेला नव्हता. तटामुळे दुसरी जागाच नव्हती.

नंतर वाफ आली. रावाल भागात बोनाप्लाताचा वाफेवर चालणारा कारखाना सुरू झाला आणि 1835च्या दंगलीत तो जाळलाही गेला. तरी धुराडी वाढत राहिली. तटाच्या आतली वस्ती दीड लाखाच्या वर गेली. घरांवर मजले चढले, वरचे मजले रस्त्यावर पुढे आले, गल्ल्यांवर कमानी टाकून त्यांवर खोल्या बांधल्या गेल्या. आजही जुन्या शहरात अशा गल्ल्या आहेत की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात.

या कोंडमाऱ्यातून सरकारने एकदा वाट काढून पाहिली होती. सिउतादेल्यासाठी ज्यांची घरं पाडली त्यांचा प्रश्न, बंदरातल्या कोळ्यांचा आणि खलाशांचा प्रश्न, या सगळ्यासाठी 1753 साली समुद्रालगतच्या वाळूवर बार्सेलोनेता नावाची वस्ती आखली गेली. आखणारा लष्करी इंजिनिअर होता, हुआन मार्तिन सेर्मेन्यो. समांतर सरळ रस्ते, प्रत्येक घर सुमारे 8.4 मीटर लांब आणि तेवढंच रुंद, तळमजला आणि वर एक मजला, बस. प्रत्येक घराला हवा आणि उजेड मिळावा म्हणून उंचीवर बंधन. एकोणिसाव्या शतकात ते बंधन सैल होत गेलं. मजले वाढले, मग एकेक मजला उभा-आडवा चिरला गेला आणि घराचा चतुर्थांश हाच एका कुटुंबाचा संसार झाला. तीसेक चौरस मीटरची ही पाव-घरं आजही तिथे आहेत, आणि समुद्र जवळ असल्यामुळे त्यांचे भाव आता ऐकवत नाहीत. रस्ते मात्र सेर्मेन्योने आखले तसेच राहिले. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली, कारण पुढे शंभर वर्षांनी हेच नाटक कितीतरी मोठ्या रंगमंचावर झालं.

1841 साली नगरपालिकेने निबंध मागवले: तट पाडले तर शहराचा फायदा काय? पेरे फेलिप मोनलाउ नावाच्या डॉक्टरने जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकाचाच अर्थ 'तट पाडा' असा होता. डॉक्टरने हे लिहावं यात नवल नाही. 1821 साली पिवळ्या तापाने, 1834 साली कॉलऱ्याने गाव धुऊन काढलं होतं. 1854च्या उन्हाळ्यात कॉलरा पुन्हा आला, हजारो माणसं गेली, आणि त्याच ऑगस्टमध्ये माद्रिदहून परवानगी आली. लोक कुदळी घेऊन तटावर चढले. आपल्या मुंबईच्या फोर्टचे तट गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत, 1860च्या दशकात पडले. म्हणजे दोन्ही बंदरांनी दहाएक वर्षांच्या अंतराने मोकळा श्वास घेतला. मुंबईत तटापाठोपाठ मैदानाच्या कडेने हायकोर्ट, विद्यापीठ अशा सरकारी इमारती आल्या. बार्सेलोनाला त्या जागी सबंध नवं शहर वसवायचं होतं.

इल्देफोन्स सेर्दा तेव्हा चाळिशीला टेकला होता. 1815 साली सेन्तेयेस गावाजवळच्या वडिलार्जित वाड्यात जन्मलेला, माद्रिदला रस्ते-कालवे-बंदरं यांची इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. भाऊ लवकर गेल्यामुळे घरची इस्टेट त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने सरकारी नोकरी सोडली आणि शहर या एकाच विषयाला वाहून घेतलं. 1855 साली त्याने तटाबाहेरच्या सगळ्या पट्ट्याची मोजणी करून नकाशा काढला. त्याच वर्षी शहरात मोठा संप झाला होता. त्यानंतर त्याने जे केलं ते माझ्या मते नकाशापेक्षा मोठं आहे: बार्सेलोनाच्या कामगारांची शिरगणती. कोणत्या धंद्यात किती माणसं, वर्षात किती दिवस काम मिळतं, मजुरी किती, भाकरीवर किती जातात, भाड्यावर किती, हातात काय उरतं. शहर आखायचं तर आधी शहरातल्या माणसाचा जमाखर्च मांडावा लागतो, असं मानणारा तो फार थोड्यांपैकी एक. आमच्या खात्यात विकास आराखड्यासाठी 'विद्यमान भू-वापर' नावाचा रंगीत नकाशा होई. त्यात घर पिवळं आणि दुकान निळं. घरातल्या माणसाला भाडं परवडतं का, याला रंग नव्हता.

1859च्या 7 जूनला माद्रिदने सेर्दाचा आराखडा मंजूर केला. इकडे नगरपालिकेने स्वतःची स्पर्धा लावली होती आणि ऑक्टोबरात तिने अंतोनी रोविरा इ त्रियास या स्थापत्यविशारदाला पहिलं बक्षीस दिलं. त्याचा आराखडा जुन्या शहराला केंद्र धरून पंख्यासारखा उलगडणारा होता. पुढच्या वर्षी, 1860च्या मे महिन्यात, राजाज्ञेने सेर्दाचाच आराखडा कायम झाला आणि सप्टेंबरात राणी दुसरी इसाबेल हिने कोनशिला बसवली. राजधानीने नकाशा लादला हा राग बार्सेलोनाच्या मनात पुढे कित्येक पिढ्या राहिला. वरून मंजूर होऊन आलेल्या नकाशाकडे स्थानिक खातं कोणत्या नजरेने बघतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता तो आराखडा. प्रत्येक चौकोन 113.3 मीटरचा. बहुतेक रस्ते 20 मीटर रुंद. त्यात मधे 10 मीटर वाहनांना आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर चालणाऱ्यांना. म्हणजे 1859 साली निम्मा रस्ता पायी चालणाऱ्याच्या नावावर लिहिलेला होता, आणि दर आठ मीटरवर एक झाड. सगळी जाळी उत्तरेशी 45 अंशांत फिरवलेली, जेणेकरून चौकोनाच्या चारही बाजूंना दिवसातून कधी ना कधी ऊन मिळेल. चौकोनाचे कोपरे कापलेले, कारण वाफेची गाडी काटकोनात वळणार नाही, असा त्याचा हिशोब होता. मोटार तेव्हा कोणी पाहिलेली नव्हती; रूळ सोडून घरोघरी जाणारं इंजिन उद्या येईल असं त्याने गृहीत धरलं होतं. त्या कापलेल्या कोपऱ्यांमुळे प्रत्येक चौक अष्टकोनी झाला. आज तिथे कचऱ्याच्या पेट्या, मालाचे टेम्पो आणि कॉफीची टेबलं गुण्यागोविंदाने नांदतात.

आणि मुख्य गोष्ट: चौकोनाच्या दोनच बाजूंना इमारत. उंची 16 मीटर, म्हणजे रस्त्याच्या रुंदीपेक्षा कमी. मधली जागा बागेची, आरपार जाता येईल अशी. पंचवीस चौकोनांची एक वस्ती, तिला स्वतःची शाळा, पाळणाघर, चर्च. शंभर चौकोनांना एक मंडई. चारशेंना रुग्णालय. समुद्रापासून डोंगरापर्यंत सगळे चौकोन सारखे. अमक्या बाजूला श्रीमंत आणि तमक्या बाजूला मजूर अशी विभागणी नाही. 1861 साली त्याने एक पुस्तिका काढून जमीनमालकांना सांगितलं की तुमचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करू, रस्ते-बागा वजा करू आणि प्रत्येकाला प्रमाणात नीट भूखंड परत देऊ. आपल्याकडे 1915च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ज्याला नगररचना योजना म्हणतात, तिचं हे तत्त्व पन्नास-पंचावन्न वर्षं आधी तिथे मांडलं गेलं होतं.

मग बिनसलं कुठे? नकाशावर शिक्का बसला, पण सेर्दाने त्यासोबत जोडलेली बांधकाम नियमावली आणि पैशाची योजना त्याच्या मनासारखी कधीच अमलात आली नाही. रस्त्यांच्या रेषा सरकारी झाल्या. रेषांच्या आत काय आणि किती बांधायचं, ते मालक आणि नगरपालिका यांच्यातल्या घासाघिशीवर राहिलं. मालकांनी आधी तिसरी बाजू बांधली, मग चौथी. बाग चारी बाजूंनी कोंडली गेली. 1891च्या नियमावलीने उंची 20 मीटरवर नेली आणि इमारतीची खोली 28 मीटरच्या आसपास येऊ दिली. स्पेनच्या यादवी युद्धानंतर, 1942मध्ये, आणखी मजले. मग गच्चीवर मागे सरकवून एक आणि त्याच्याही मागे दुसरा. सेर्दाच्या हिशोबात एका चौकोनावर सुमारे 67 हजार घनमीटर बांधकाम होतं. 1970च्या दशकापर्यंत नियमांनी जे बांधता येईल असं केलं, ते जवळजवळ तीन लाख घनमीटर. रस्ता एक इंचही सरकला नाही आणि वस्ती चौपट घट्ट झाली. हे कोणी बेकायदा केलं नाही, हे लक्षात घ्या. सगळं मंजूर नकाशांनुसार झालं.

सेर्दा हे सगळं बघायला राहिला नाही. 1867 साली त्याने शहर वसवण्याच्या शास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ छापला. कामगारांची ती जुनी पाहणी त्यातच जोडली. इस्टेट संपली होती. सरकारकडून आणि नगरपालिकेकडून कामाचे पैसे येणं होतं, ते आले नाहीत. 1876च्या ऑगस्टमध्ये उत्तरेत सान्तान्देरजवळच्या एका गरम झऱ्यांच्या गावी तो वारला. त्याच्या मागून आलेल्या नामवंत स्थापत्यकारांनी त्याच्या जाळीला कंटाळवाणी म्हणून नावं ठेवली. पुच इ कादाफाल्क यात पुढे होता. दोमेनेक इ मोंतानेरने सांत पाऊ रुग्णालय बांधताना सगळ्या इमारती जाळीशी तिरक्या बसवल्या. ते सेर्दाला चिडवण्यासाठी, असं लोक सांगतात. तिरपं बसवल्याने ऊन-वारा चांगला मिळतो हेही खरं, म्हणून मी दोमेनेकला संशयाचा फायदा देतो.

आता मजल्यांकडे येतो. बाग गेली, उजेड कमी झाला, तरी एशाम्पला मेली नाही. उलट युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या, राहत्या वस्त्यांत तिची गणना होते. याचं श्रेय मी जिन्याला देतो. लिफ्ट नव्हती तोवर उंची म्हणजे त्रास होता. त्यामुळे रस्त्यावर दुकान. त्याच्या डोक्यावर एंत्रेसोलमध्ये वखार, शिवणकाम किंवा कारकुनांची बैठक. त्यावर प्रिन्सिपाल, म्हणजे मालकाचा मजला, कोरीव सज्जा आणि बऱ्याचदा स्वतःचा वेगळा जिना असलेला. मग पहिल्यावर वकील किंवा डॉक्टर, दुसऱ्यावर पेढीवरचा कारकून, वर शिक्षक, त्याच्या वर शिंपीण. गच्चीवरच्या खोलीत दरवान. जिना चढत जाल तसं भाडं उतरत जाई. सेर्दाला सगळे वर्ग एका वस्तीत हवे होते; मालकांनी ते एका इमारतीत आणले, पण पायऱ्यांच्या उतरंडीने. समता नव्हती, शेजार होता.

आणि आतली बाग? तिथे तळमजल्याचं छप्पर टाकून छापखाने, सुतारशाळा, कापडाच्या वखारी, पुढे मोटार दुरुस्तीची गॅरेजं आली. मायोर्का रस्त्यावर दोमेनेकने 1890च्या दशकात बांधलेली कासा तोमास ही इमारत बघा. खाली चित्रांचे ठसे कोरण्याची कार्यशाळा, वर त्या धंद्याच्या मालकाचं घर. 1912च्या सुमारास त्याच इमारतीवर आणखी तीन मजले चढवले, तेही इतक्या सफाईने की जोड ओळखू येऊ नये. कारखाना-घराची जुनी सवय नव्या रस्त्यावर आली ती अशी. आरागो रस्त्यावर मोंतानेर इ सिमोन या प्रकाशनगृहाची विटा-लोखंडाची इमारत आहे. आता तिथे चित्रसंग्रहालय आहे, पण बांधली ती पुस्तकं छापायला. तिच्या समोरून त्या काळी आगगाडी जाई, रस्त्याच्या मधोमध खणलेल्या खंदकातून, धूर ओकत. तो खंदक झाकायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

मग लिफ्ट सर्रास झाली आणि उतरंड उलटी झाली. वरचा मजला महाग, प्रिन्सिपालमध्ये विम्याचं ऑफिस. मुलीच्या इमारतीत प्रिन्सिपालवर आता दातांचा दवाखाना आहे. मालकीणबाईंसाठी कोरलेल्या सज्ज्यात लोक तोंड धरून आपला नंबर यायची वाट बघत असतात.

परवानगी खात्याच्या माणसाने स्थापत्यकार गौदीच्या कासा मिलासमोर उभं राहू नये, तब्येत बिघडते. 1906 ते 1912 या काळात पासेच दे ग्रासिया या रस्त्यावर या इमारतीचं काम चाललं होतं. एक खांब फुटपाथवर पुढे आला म्हणून नगरपालिकेने हरकत घेतली, पोटमाळ्याने ठरलेला आकार ओलांडला म्हणून पुन्हा हरकत घेतली, एक लाख पेसेटांचा दंडही सांगितला. 1909 साली निर्णय झाला की ही इमारत कलाकृती आहे, सबब नियम तंतोतंत लावू नयेत. आज सगळं जग पैसे मोजून ती बघायला येतं. पण अशी सवलत फक्त गौदीला मिळाली असती तर माझी तक्रार नव्हती. नियमातून सुटणारे बहुतेक जण गौदी नसतात.

हरलेल्या रोविराचंही सांगितलं पाहिजे. ग्रासियात त्याच्या नावाचा चौक आहे. तिथे तो ब्राँझचा होऊन बाकावर बसलाय आणि पायाशी त्याचा नामंजूर आराखडा धातूत कोरलाय. पण हा माणूस रुसून बसला नाही. पुढे नगरपालिकेच्या नोकरीत राहून त्याने सेर्दाच्याच एका सबंध चौकोनावर सांत आंतोनीची मंडई बांधली, 1882मध्ये, लोखंडी, फुलीच्या आकाराची. फुलीचे चारही हात कापलेल्या चार कोपऱ्यांकडे जातात. सेर्दाने कापलेल्या कोपऱ्यांचा इतका चांगला उपयोग सेर्दाच्या भक्तांनाही जमला नाही. अलीकडे या मंडईची दुरुस्ती झाली, तेव्हा खाली जुन्या तटाचा बुरूज सापडला. तोही आता बघता येतो. वर मासळी, खाली बुरूज आणि रविवारी सकाळी भोवताली जुन्या पुस्तकांचा बाजार.

विसाव्या शतकाच्या अखेरीला शहराने पुन्हा दोनदा नवी वस्ती आखली. 1992च्या ऑलिंपिकसाठी समुद्राकाठचे कारखाने आणि रेल्वेमार्ग हलवून खेळाडूंचं गाव बांधलं; नंतर त्याची घरं झाली. चांगल्या स्थापत्यकारांचं काम, बागा मोठ्या, किनारा खुला. संध्याकाळी मात्र तिथे फिरताना चुकल्यासारखं वाटतं. रस्त्याकडे तोंड केलेली दुकानं कमी, धंदे कमी, जाण्याचं निमित्तच कमी.

त्याच्या शेजारी पोब्लेनोउ, एकेकाळचं गिरणगाव. 1976च्या महानगर आराखड्यात त्याला 22ए असा निव्वळ उद्योगाचा क्रमांक मिळाला होता. कारखाने गेले तरी क्रमांक राहिला, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची घरं कागदावर नियमबाह्य ठरली. 2000 साली सुमारे 200 हेक्टर, सेर्दाचे 115 चौकोन, यांच्यासाठी नवा नियम आला आणि ए या अक्षराच्या जागी ईमेलच्या पत्त्यातली ती गोल खूण आली. मालकाला जादा चटई क्षेत्र मिळेल, पण बदल्यात 30 टक्के जमीन बागा, सार्वजनिक सोयी आणि परवडणारी घरं यांसाठी द्यायची. राहती 4,614 घरं नियमित केली. किमान 4,000 नवी परवडणारी घरं लिहून ठेवली. हे सगळं गोड झालं असं नाही. ऑफिसं भराभर उठली, घरं रेंगाळली. कान रिकार्त या जुन्या कारखान्यातले छोटे कारागीर आणि कलावंत हुसकले गेले तेव्हा मोर्चे निघाले. तरी वाटा किती, हे आकड्यात लिहिलेलं होतं, म्हणून लोकांना तो मागता आला.

इथे मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. 1982च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीसाठी 1991च्या नियमावलीत तिसऱ्या हिश्श्याचं सूत्र होतं: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 1996मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडाही दिला होता. 2001 साली हे सूत्र असलेल्या नियम 58मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्यावर शेड उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पोब्लेनोउचा नियम आणि आपली दुरुस्ती यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे. लालबाग-परळला आज बाग शोधत फिरणाऱ्याला त्या एका दुरुस्तीची किंमत कळते.

एशाम्पलात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उलट दिशेने थोडं काम झालं. 1996 साली स्थापन झालेल्या एका निमसरकारी संस्थेने चौकोनांच्या पोटातल्या शेड एकेक करून मोकळ्या केल्या आणि चाळीसहून जास्त ठिकाणी सेर्दाची बाग, छोटी का होईना, लोकांना परत मिळाली. त्याही आधी, 1987मध्ये, रोजेर दे ल्यूरिया रस्त्यावरच्या एका चौकोनाच्या पोटातला जुना पाण्याचा मनोरा आणि त्याभोवतीची जागा खुली झाली. तिथे उन्हाळ्यात उथळ पाण्यात मुलं डुंबतात. 2023पासून कोनसेल दे सेंत रस्त्याचा मोठा भाग गाड्यांकडून काढून चालणाऱ्यांना दिलाय. आता नवं संकट पर्यटकांचं. राहती घरं आठवड्याच्या भाड्याने जाऊ लागली, तेव्हा 2024मध्ये महापौरांनी जाहीर केलं की अशा दहा हजारांवर परवान्यांची मुदत 2028मध्ये संपली की ते पुन्हा द्यायचे नाहीत. हा नियम टिकतो की त्यातही दुरुस्ती निघते, यावर मुलीच्या जिन्यातले शेजारी आत्तापासून पैजा लावून आहेत.

सेर्दाचा दोष मला विचाराल तर एकच: त्याने नकाशा आधी मंजूर करून घेतला आणि नियमावलीची मंजुरी मागाहून होईल असं समजला. तुमच्या गावाचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा भिंतीवरच्या रंगीत नकाशापुढे फोटो काढून परत येऊ नका. सोबतची नियमावली मागून घ्या. तळमजल्यावर काय चालेल, बाजूला किती मीटर सोडायचे, जादा चटई क्षेत्र कोणाला आणि कशाच्या बदल्यात, आणि 'विशेष बाब म्हणून' हे शब्द कोणत्या कलमात आहेत, एवढं वाचा. हरकत मुदतीत आणि लेखी द्या, आणि शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका.